एकवीसशे पन्नास

बार्न्सलीत मार्च, तरी बाहेर बर्फाची भुरभुर.
स्वयंपाकघराच्या टेबलावर पत्त्यांच्या कॅटाएवढा हिरवा बोर्ड,
आणि फाईलमधली एकच ओळ मी बदलतेय:
पंधराशेच्या जागी दोन हजार.

चालला.
म्हणून एकवीसशे. व्होल्टेज एक पायरी वर.
तोही चालला,
मग माणसाचं जे होतं ते माझं झालं.

हे सगळं खरं तर क्लिफर्डच्या कबुतरांसाठी.
शर्यतीहून परतलेलं पाखरू फळीवर टेकतं, आत शिरतं,
आणि कॅमेऱ्याला पायातली कडी वाचायची सुचेपर्यंत
फळीवर नुसतं पीस उरतं.

बावीसशे.
पडद्यावर सप्तरंगी चौकोन उमटला
आणि तिथेच थिजला.
लाल दिवा चालू, हिरवा मुका.
नखाएवढं कार्ड काढ, लॅपटॉपमध्ये घाल, आकडा उतरव,
परत बोर्डात खोच –
ही ने-आण रात्री एकपर्यंत.

एकवीसशे पन्नासला उठला एकदाचा.
दहा मिनिटांत ब्याऐंशी अंश,
आणि आपणहूनच पाय ओढायला लागला.
ॲल्युमिनियमचा दातेरी ठोकळा चिकटवला: अठ्ठ्याहत्तर.
शेवटी खिडकी उघडली.
अकरा वर्षं या थंडीला शिव्या घालतेय मी,
आज पहिल्यांदा तिला काम सांगितलं.
चौकटीवर बोर्ड, शेजारी शाल गुंडाळून मी.
एकसष्ट. अठ्ठावन्न.
माझं नाक गार, त्याचं डोकं गार.

सकाळी क्लिफर्ड आला. मुग्धाचं ‘मग्डा’ करतो,
आता मीही ओ देते.
बोर्ड त्याने तळहातावर घेतला, कबूतर घेतो तसा,
अंगठा छातीवर, म्हणजे चिपवर, टेकवून
बराच वेळ गप्प.
“उडेल,” म्हणाला, “पण रोज एवढं उडवू नकोस.
शर्यतीआधी दोन दिवस मी पाखराला पिंजऱ्याबाहेर काढत नाही.”

तो गेल्यावर फाईल उघडली.
दोन हजार लिहिलं. थोडा वेळ पाहिलं.
मग त्यापुढे पन्नास वाढवले,
तेवढी हौस माझी.

शनिवारी फळीवरचं पहिलं छायाचित्र आलं.
कबूतर नाहीच त्यात.
समोरच्या घरातली मांजर, डोरिस, दबा धरून,
मिशीचा केस न् केस स्पष्ट.
क्लिफर्ड चपला न घालताच परसात धावला.