वेढे

ड्युलूथला नोव्हेंबरात चारलाच दिवे लागतात.
इथले लोक ज्याला तळं म्हणतात
त्याचा पलीकडचा काठ दिसत नाही.
तिथून वारा निघतो तो दाराच्या फटीतून थेट
माझ्या तांब्याच्या रिळापर्यंत.
केसाहून बारीक तार, झुळकीनंही तुटते.
म्हणून फटीत मी जुना टॉवेल कोंबते
आणि गिऱ्हाईक आलं की पायानं बाजूला सारते.

आर्वो लेहतोला आला, टोपी न काढता बसला.
एकसष्ट वर्षांचा. त्यातली चौतीस
खनिजाच्या बोटींवर, इंजिनच्या खोलीत.
"बास बनवून हवा," म्हणाला,
"एकदाच. यानंतर घेणार नाही."

लोक माझ्याकडे आवाज मागायला येतात
आणि भलतंच बोलतात.
एकाला गरम हवा होता.
एकीला ओला, पण थेंब न गळणारा.
एक पोरगा म्हणाला, मधासारखा,
पण मध मला आवडत नाही.
मी सगळं वहीत उतरवून घेते.
आवाजाला स्वतःचे शब्द नाहीत,
तो जिभेकडून, कातडीकडून उसने घेतो
आणि परत करत नाही.

आर्वोला मी फळीवर ऐकवलं:
ताणलेल्या चार तारा, खाली लांब खाच,
खाचेत पिकअप हवा तिथे सरकवायचा.
ब्रिजजवळ आवाज ताठ, नाकात बोलणारा,
प्रत्येक चूक बाकावर उभी करणारा.
मानेकडे चार बोटं सरकवला तर घुमला, पोट सुटलं त्याचं.
मग तो बॅटरीवाला, पाच बटणांचा,
ज्यात पाताळही मिळतं आणि काचही.

त्यानं हात झटकला.
"वरचं मला ऐकूच येत नाही. इंजिननं नेलं.
काच कुणासाठी घेऊ?"

मी म्हटलं, मग वेढे वाढवू.
दहा हजारांवर नेऊ, जाड होईल.
"जाड नको. जाड माणूस दारात अडकतो."

मग?

बराच वेळ तो टोनचा नॉब नुसता फिरवत राहिला,
बंद, उघडा, बंद,
परक्या घरात कुणी नळ तपासावा तसा.

"एका रात्री तळ्याच्या मधोमध इंजिन बंद पडलं.
पाळी नसलेली सगळी माणसं झोपलेली,
त्या धडधडीत वर्षानुवर्षं घोरणारी.
धडधड थांबली आणि सगळी जागी झाली.
अनवाणी, बोळकांडीत, एकमेकांकडे बघत.
कुणी काही बोललं नाही.
मला तसा हवा.
वाजतोय तोवर कुणाच्या लक्षात येऊ नये."

मी लिहायला गेले
आणि पेन तसंच धरून बसले.

मग खालच्या खणातून तो काढला.
एकेरी कॉइल, माझ्या शिकाऊ दिवसांतली,
गुणगुणते म्हणून दोनदा परत आलेली.
वेढे हातानं मोजलेले;
मध्येच शिंक आली होती, आकडा चुकला.
आठ हजार आणि काहीतरी.

डाख दिला, खाचेत बसवला, मानेकडे.
ती गुणगुण लगेच आलीच.
मी म्हटलं, पत्रा लावून घालवता येते.
"राहू दे," म्हणाला. "चालू आहे एवढं कळतं."

मग खर्जातले चार स्वर. पुन्हा तेच चार.
शनिवारी फिनिश हॉलमध्ये
म्हातारी जोडपी ज्यावर पाय टाकतात, तेवढेच.
ना घाई, ना नखरा.
स्टोव्हपाशी माझा कुत्रा, सोल्डर,
सकाळपासून पसरला होता तसाच पसरलेला.

आर्वोनं आवाज शून्यावर आणला.
सोल्डरनं मान वर केली.

अर्धे पैसे आत्ता, अर्धे बर्फ वितळल्यावर.
तो गेल्यावर टॉवेल पुन्हा फटीत कोंबला
आणि वहीत लिहिलं:
लाकूड, अ‍ॅश.
पिकअप एकच, तो शिंकेचा.
टोनपुढे नुसती रेघ मारली.

रंग विचारायचा राहिला.