हुरूप, आवृत्ती चार

तालिनहून पहाटेची बस.
पार्नूच्या खाडीवर बर्फ,
इतका सपाट, की वाटलं
कुणी इस्त्री फिरवून गेलंय.

इस्पितळांच्या चादरी धुणारी लाँड्री.
भिंतीवर आमचा स्क्रीन:
शंभर घड्यांना एक तारा,
पाच ताऱ्यांना रंगीत कागदांचा पाऊस,
आणि पहिल्या दहांची यादी, दर तासाला ताजी.
यादीची कल्पना माझी.
बैठकीत टाळ्या पडल्या होत्या तिला.

हेल्यू, वय एकसष्ट, यादीत तिसरी.
तिनं स्क्रीनवर उशीचा अभ्रा टांगलेला.
"बिघडलाय का?"
"नाही. फार बोलतो."

मी वही उघडली.
तिनं चादर उघडली
आणि दोन कोपरे माझ्या हातात दिले, न विचारता.
वही काखेत.
ताणायचं, झटकायचं,
मग चालत यायचं एकमेकांकडे.
बोटं बोटांना लागतात,
कोपरे हात बदलतात,
पुन्हा मागे.
तिसऱ्या चादरीला माझी पावलं जुळली.
चौथीला ती तिच्या बोटीवरच्या मुलाबद्दल सांगत होती.

"पूर्वी अशाच घालायचो घड्या, दोघी-दोघी.
यादी लागली,
आणि कोपरे धरायला कुणी उरलं नाही."

खरंच होतं.
एका घडीला एकच नाव लागतं.
तो रकाना मीच एकेरी ठेवला होता,
एका दुपारी, सँडविच खाता खाता.

पलीकडे मनगटाला पट्टा बांधलेली विर्वे
हनुवटीखाली चादर धरून
एकटीच घडी घालत होती.
तिचं नाव कुठंच लाल अक्षरांत नव्हतं.
गरजच नव्हती.
यादी दहांची,
आणि कामाला अकराजणी.

निघताना मी ठेवणीतला प्रश्न विचारला:
हुरूप वाढावा म्हणून आम्ही काय करू?
हेल्यूनं अभ्रा सरळ केला.
"हुरूप मी घरून आणते, डब्याबरोबर.
तुम्ही फक्त तो सांडू नका."

परतीच्या बसमध्ये बाहीला साबणाचा वास.
मांडीवर लॅपटॉप.
'नाव'च्या जागी लिहिलं 'नावं'.
एक अनुस्वार.
त्यापायी जुना सगळा हिशेब नव्यानं मांडायचा,
तीन आठवडे तरी जातील.
फोनवर रायव्हो म्हणाला, तीन आठवडे? एका टिंबासाठी?

यादी काढून टाकली.
कागदांचा पाऊस तेवढा राहिला;
रायव्होला आवडतो तो,
आणि अभ्रा आहेच.