रद्द कागदाची पाठ

आमोस उजगरे आधी सूर लिहीत नाही.
सातपूरहून आणतो कारखान्यातली रद्द ड्रॉइंगं,
त्यांच्या कोऱ्या पाठीवर
सुताराच्या चपट्या पेन्सिलीनं
होळकर पूल काढतो.
कमानी मोजत नाही.
‘ही बेसची चाल. पाय पाण्यात, डोकं कोरडं.’

ट्रम्पेटला द्राक्षाचा घड.
‘खाली येताना एकेक मणी गाळ,
थोडे आंबट राहू देत.’
आणि मला, खालच्या कोपऱ्यात, एक तांबट,
हातोडी उचललेली.
ठोका कुठाय?
‘तो तुझा. मी फक्त हात काढलाय.’

शरणपूरच्या गॅरेजात
कागद खिडकीच्या गजांना, कपड्यांच्या चिमट्यांनी.
जॉयसनं ट्रम्पेटचं तोंड पुसत विचारलं,
मधला हा पांढरा पट्टा? खोडलंयस?
‘गंगापूरहून पाणी सुटलेलं नसतं
तेव्हाचं पात्र आहे ते.
तिथं कुणीच वाजवायचं नाही.’
किती मात्रा?
‘आवर्तन सुटेपर्यंत.’

आम्ही हसलो. मग वाजवलं.
पुलावरून गेलो, घड सांडला
(जॉयसनं दोन मणी जास्तच गाळले)
आणि पांढरं आलं.

माझी काठी वर. दंड भरून आलेला.
दुपारच्या उन्हात कागदाच्या आरपार दिसत होतं
पलीकडचं बेअरिंग, त्याची मिलिमीटरची मापं,
उलटा लाल शिक्का.

आमोस कुणाकडे बघत नव्हता.
ब्लेडनं पेन्सिल तासत होता.
कोरड्या पात्रात तेवढंच ऐकू येत होतं,
आणि ते
अजिबात लयीत नव्हतं.