सुतावरून

मोत्रियाच्या रानात यंदा सूर्यफूल नाही,
सूत आलंय.
काचेचं, केसाहून बारीक,
नाशपतीच्या फांदीवरून आडव्या पडलेल्या विजेच्या खांबावर,
तिथून बांधाबांधानं ओस्किल नदीकडे.
दहिवर पडलं की दिसतं,
ऊन चढलं की नाही.
शेळीच्या पायात अडकतं तेव्हा मात्र असतंच.

एकेक धागा एकदाच वापरलेला.
एका टोकाला कुणी बसला होता,
दुसऱ्या टोकाला कुणी पळत.

माझ्या भाषेत सुतावरून स्वर्ग गाठतात.
इथे बारा किलोमीटर सुतावरून
एक माणूस गाठतात.
स्वर्गाचं त्याचं त्यानं बघावं.

झिनोव्ही इझ्यूमला शिलाई मशीनं दुरुस्त करायचा.
बॉबिन भरत आली हे त्याला न बघता कळायचं,
आवाज जरा जाड होतो म्हणे.
आता तळघरात, डोळ्यांवर काळा डबा चढवून,
तसंच कळतं :
रीळ सरत आलं की ड्रोन हलका होतो,
बोटांखाली उसळतो.

मंगळवारी त्याला एक जण दिसला
पळता पळता थांबलेला.
खाली बसला, नाडी सोडली,
बूट उलटा करून झटकला.
खडा असावा.
मग वर बघितलं त्यानं.
तोंड वाकडं केलं,
दुरुस्तीवाला उशिरा आला की
गिऱ्हाईक करतं तसं.

वहीत नोंद झाली : ड्रोन एक, रीळ एक, माणूस एक.
खड्याला रकाना नाही.
झिनोव्ही रोज आपले बूट झटकून बघतो.
काही निघत नाही.
पुन्हा झटकतो.

समोरासमोर येतंय कोण आता?
शेवटचे नऊ किलोमीटर कुणाचेच नाहीत.
तिथे ट्रक जात नाही, स्ट्रेचर जात नाही.
धुकं असेल तर दोघे जातात
मध्ये तीस पावलांचं अंतर ठेवून,
म्हणजे गेला तर एकच जाईल.

ओरेस्त त्या नवाच्या टोकाला, एका खड्ड्यात,
एक्याऐंशी दिवस.
पाणी वरून येतं, अर्ध्या लिटरच्या बाटलीत,
चिकटपट्टीनं बांधलेलं. कधी मोजे.
एकदा खारवलेली काकडी, बहिणीच्या हातची.
आवाज तोच.
पाणी की दुसरं, हे खाली येईपर्यंत कळत नाही.
घसा सुकला की तो त्या आवाजाची वाट बघतो
आणि आवाज आला की
तोंड मातीत घालतो.

वर्षभरात आघाडी सरकली
चारशे पावलं इकडे, तीनशे तिकडे.
बाकीच्याला झीज म्हणतात.
झीज मला माहीत होती असं वाटायचं :
उंबरा झिजतो, चपलेची टाच झिजते,
पाट्याला टाकी लावून घ्यावी लागते,
कुणीतरी त्या घरात राहिल्यामुळे,
वर्षानुवर्षं, रोज.
इथे माणूस झिजत नाही.
असतो,
आणि पडद्यावर मुंग्या येतात.

मोत्रिया काठीला सूत गुंडाळत निघते,
शेळीसाठी.
दातानं तोडू नये, काच आहे,
हे तिला कुणी सांगितलं नव्हतं;
ओठावर व्रण आहे अजून.
बांध ओलांडला, ओहोळ ओलांडला,
धागा झाडोऱ्याशी संपला.
तिथे एक बूट होता, नाडी सुटलेली.
तिनं उचलला, सवयीनं उलटा केला.
आत पावसाचं पाणी. बाकी काही नाही.

परत येऊन तिनं गुंडा गोठ्यात टाकला,
इतर गुंड्यांवर.
गोठा कडेपर्यंत भरलाय.
एवढ्या सुतात
एक मोजासुद्धा विणून होत नाही.