गुड नाइट कधी म्हणायचं

पंचवटीतली महापालिकेची शाळा, संध्याकाळी सात ते साडेआठ.
बाकं तिसरीच्या पोरांची,
म्हणून सगळ्यांचे गुडघे छातीशी.
फळ्यावर सकाळचा पाढा घाईत पुसलेला,
सात आठे छप्पन्न तेवढं राहिलंय.
त्याच्याखाली मी लिहिते
गुड मॉर्निंग, गुड आफ्टरनून, गुड इव्हिनिंग.

"गुड नाइट राहिलं, मॅडम."
निसार आत्तार. अंबडला व्हॉल्व्हच्या कारखान्यात
रात्रपाळीचे वॉचमन, आठलाच उठून जातात.
ते निघताना म्हणायचं, मी सांगते,
भेटल्यावर नाही.
"मी गेटवर पोचतो तेव्हाच सगळे निघतात.
आल्या आल्या मला गुड नाइटच भेटतं."
पुस्तकात याला उत्तर नव्हतं.
मी खडू या हातातून त्या हातात घेतला.

पुढचा शब्द प्लीज. याला आपण काय म्हणतो?
"कृपया," सोपान बेंडकुळे म्हणाला आणि स्वतःच हसला,
"पण ते फक्त भिंतीवर. कृपया थुंकू नये."
तो गंगापूर धरणाकडे वाइन चाखायच्या हॉलात
काचेचे ग्लास पुसतो, उजेडाकडे धरून,
पाहुण्यांशी बोलायची वेळ आली की अजून पुसतो.
बरं, घरी पाणी हवं असलं तर?
"पाणी दे ना."
हेच तुमचं प्लीज, शेवटचा हा ना.
मग प्रत्येकानं आपापला ना तोंडात घोळवून पाहिला,
थॉमसनच्या द्राक्षात बी शोधावी तसा.

थँक्यूवर फार वेळ गेला नाही.

सॉरी.
याला आपल्यात काय म्हणतात, मी विचारलं.
मंदाकिनी गांगुर्डे, रामकुंडावर द्रोण-दिवे विकणाऱ्या,
दीड महिन्यात एकदाही तोंड न उघडलेल्या,
म्हणाल्या, "माफ करा."
बरोबर! अगदी बरोबर.
"पण ते तर आम्हाला म्हणतात ना?
दिवा घ्या ताई, दहाला एक, म्हटलं की
माफ करा, पुढं व्हा.
चुकलं म्हणून कुठं म्हणतंय कुणी?
वीस वर्षं झाली,
रोज शंभर माणसं माझी माफी मागत्यात
आणि बघत पण न्हाईत."

बाहेर कुणीतरी सायकलला स्टँड लावत होतं,
ते नीट लागेपर्यंत वर्गात ऐकू आलं.

इंग्रजीतल्या सॉरीत, मी म्हटलं,
समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं असतं.
हे पुस्तकात नाही. मी तिथल्या तिथे घातलं.
मग जोड्या, सराव.
सोपाननं बाईंच्या पायावर पाय दिल्याचं नाटक केलं
आणि बाईच पटकन म्हणाल्या, "सॉरी."
"अहो मावशी, मी म्हणायचंय ते!"
"व्हय का," म्हणत त्यांनी पाय पुढे केला,
"मग दे परत."
आणि या खेपेला नाटक विसरून
तो खरंच खाली वाकून बघायला लागला, लागलं का म्हणून.
वर बघ, मी ओरडले, डोळ्यांत, डोळ्यांत!

माझं घर पाथर्डी फाट्याच्या अलीकडे.
साडेनऊला कारखान्याच्या गेटापाशी
मी स्कूटर हळू केली.
केबिनमध्ये निसारभाई एकटेच,
थर्मासच्या झाकणात चहा, मांडीवर आमचीच वही.
त्यांच्या हिशेबानं म्हणावं, असं ठरवूनच आले होते.
"गुड नाइट, निसारभाई!"
ते उठले, टोपी घातली, चहा बाजूला ठेवला.
"चुकलं, मॅडम," म्हणाले. "भेटल्यावर इव्हिनिंग."

मी हेल्मेटची काच वर केली
आणि सॉरी म्हटलं.