पाण्यात पाहणे

ओस्त्रावा, ऑक्टोबर. पाचवा मजला.
खिडकीबाहेर बंद खाणीचा मनोरा,
आत खोलीच्या मधोमध दोनशे लिटर पाणी.
अलीकडे माझी खुर्ची, पलीकडे व्रातिस्लावची.
आई गेल्यापासून आम्ही भाऊ
एकमेकांना पाण्यात पाहत होतो.
आमच्याकडे ते पाणी खरंच होतं, एवढंच.

मंगळवारी मासे डाव्या कोपऱ्यात गेले.
सगळे.
कापडाच्या सळसळीसारखे फिरणारे निऑन
मुठीत धरल्यासारखे गच्च.
दोन एंजल, ज्यांचं या जन्मी पटलं नाही,
पराला पर लावून उभे.
कोरीडोरास वाळू सोडून सुटायचे वर,
हवेचा घोट घेऊन पुन्हा खाली, पुन्हा वर.
आणि तेता, आईची लोच, एकवीस वर्षांची,
जिची सवयच कुशीवर पडून मेल्याचं सोंग करायची,
आलेला पाहुणा हमखास दचकायचा,
ती चार दिवस आडवी झाली नव्हती.
सरळ पोहत होती, शहाण्यासारखी.
मला भीती वाटली ती त्याचीच.

फ्रिजवर त्याची चिठ्ठी: तू फार खायला घालतोस.
खाली माझी: तू गार पाणी ओततोस.
मी नळ्यांत थेंब टाकले, रंग तक्त्याला लावून पाहिले.
अमोनिया शून्य. नायट्राइट शून्य.
थर्मामीटर पंचवीस.
कागदावर आमचं घर अगदी निरोगी होतं.

दुकानातल्या हेद्विकाबाई
हॅमस्टरचा भुसा पिशवीत भरता भरता म्हणाल्या,
कोपऱ्यात काय आहे ते नका बघू,
कोपरा सोडून बाकीकडे काय आहे ते बघा.
आणि सुट्टे पैसे मागितले.

बाकीकडे काय होतं?
एक दगड, थोडं शेवाळ, पंप, हीटर.
मी रोज हात घालून बघत होतो.
काही नव्हतं.

शनिवारी बटाटे किसताना बोट कापलं.
तसाच गेलो, कुजलं पान काढायला,
डावा हात आधाराला रेडिएटरवर,
उजवा पाण्यात,
आणि मुंगी चावावी तसं काही
नेमकं त्या चिरेत शिरलं.
आठवडाभर हाच हात घालत होतो.
धड कातडीला पत्ता नव्हता.

मी "आ" केलं. त्याला उद्देशून नव्हे.
व्रातिस्लाव, एकतीस वर्षं खाणीतला वायरमन,
पलीकडून बघत होता.
चिठ्ठी लिहिली नाही.
वाकला, भिंतीतला प्लग उपटला,
मग म्हणाला: "हात काढ."
नऊ महिन्यांतले पहिले दोन शब्द.

हीटर दिव्यासमोर धरला.
काचेला केसाएवढी चीर.
"कधीपासून असेल?"
"काय माहीत. थोडं थोडं झिरपत असणार."
तो हीटरबद्दलच बोलत होता.
मीही तसंच समजलो.

दुकान आता सोमवारी उघडणार.
म्हणून आईची लोकरी शाल टाकीला गुंडाळली,
एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे,
गाठ कुणी मारायची यावर जरा वाद झाला.
समोरची काच तेवढी उघडी ठेवली,
दोघे एकाच बाजूला खुर्च्या ओढून बसलो.

मासे लगेच आले नाहीत.
का यावं? प्लग काढला हे त्यांना कुणी सांगितलं होतं?
साडेआठला एक निऑन निघाला, परतला.
मग तीन.
एंजलनी एकमेकांना पहिली ढुशी दिली
तेव्हा व्रातिस्लाव हसला, नाकातल्या नाकात.

दहा वाजता तेता बाहेर आली.
हीटर होता त्या जागेभोवती दोन फेऱ्या,
मग तिसरी, संशयाची.
मग दगडाच्या कडेला, नेहमीच्या खळग्यात,
कुशीवर पडली, डोळा छताकडे,
शेपटी सैल.

"मेली," भाऊ म्हणाला,
आई पाहुण्यांना सांगायची त्याच सुरात.
"मेली," मी म्हणालो.

आणि दोघंही पुढे वाकून
तिचे कल्ले हलतात का बघत राहिलो.