अडलेली गाडी

अकरा हिवाळे थोर्किलची गाडी
ओडेन्सच्या तळघरात गोल फिरत राहिली.
उशीर नाही, खोळंबा नाही,
घाण्याला जुंपल्यासारखी.

परवा त्यानं करवत काढली
आणि ते वर्तुळ एका जागी कापलं.
आता रूळ साखर कारखान्याच्या भिंतीशी संपतात.
सायडिंगला डबे मावतात तीन.
चौथा आला की
इंजिन मागं, सांधा बदल, पुढं,
पुन्हा मागं.
बीटचा एक डबा पोचवायला पाऊण तास!

इंगेलिसे कॉफी घेऊन जिना उतरली.
"अडली का?"
"अडली," तो म्हणाला,
आणि इतका खूश दिसला
की तिनं स्टूल ओढलं,
बावटा नव्हता म्हणून
चमचाच उंच धरला:
थांब.
आधी दुधाची येऊ दे.